पाण्याखालचा दम

दुर्योधन डोहात लपला ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. अठराव्या दिवशी सैन्य संपलं, भाऊ संपले, आणि हा गदा खांद्यावर टाकून पाण्यात शिरला. व्यासांच्या महाभारतात त्यानं मायेनं पाणी थोपवून धरलं असं आहे. शिकाऱ्यांनी त्याचं बोलणं ऐकलं, पांडवांना खबर दिली, मग भीम काठावर आला. ऐकताना माझ्या मनात एकच प्रश्न यायचा. तेवढा वेळ हा माणूस श्वास कसा घेत असेल?

हा प्रश्न आपल्या रन्नालाही पडला असावा. आपला म्हणते, कारण रन्न मुधोळचा. चिकोडीहून दोन-अडीच तासांची वाट. बांगड्या विकणाऱ्या घरातला मुलगा, धर्मानं जैन, दहाव्या शतकातला. पंप, पोन्न, रन्न ही कन्नडची तीन रत्नं, आणि तिघंही जैन, हे आपल्या मुलींना शाळेत कानडी माध्यम असेल तरच कळतं. मराठी शाळेत गेलेल्या माझ्यासारखीला ते लग्नानंतर, सासरच्या कानडी पुस्तकांच्या कपाटातून कळलं. रन्नाच्या 'गदायुद्ध' काव्यात दुर्योधन भीष्मांच्या सल्ल्यानं वैशंपायन सरोवरात उतरतो. त्याला जलमंत्र येतो. म्हणजे श्वासाची सोय झाली. पण रन्न तिथं थांबत नाही. काठावरून भीम गरजतो, शिव्या देतो, डिवचतो, आणि पाण्याच्या आत बसलेल्या दुर्योधनाला घाम फुटतो! पाण्यात घाम. मला विचाराल तर सगळ्या काव्यात ही जागा मोलाची. माणूस हालत नाही, लढत नाही, नुसता बसलाय, तरी आतून त्याची शक्ती खर्ची पडते. मंत्र श्वास पुरवील, पण रागाचा खर्च कोण भरणार?

हजार वर्षांनी हाच हिशेब मी माझ्या भाच्याच्या टेबलावर पाहिला.

भाचा पुण्यात नोकरीला. सुट्टीत मित्रांना घेऊन येतो आणि आमच्या माडीवर चार-पाच जण एक खेळ मांडून बसतात. त्याचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. चहाचे पेले, कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचे फासे. पट नाही म्हटलं तरी चालेल. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. प्रत्येकाच्या कागदावर त्याच्या पात्राचे आकडे असतात: ताकद किती, चपळाई किती, काटकपणा किती, अक्कल किती. "मी दार मोडतो," असं कुणी म्हटलं की फासा टाकायचा. आकडा चांगला पडला तर दार मोडलं, नाहीतर खांदा दुखला. आपल्या कीर्तनात बुवांना मध्येच उठून, "थांबा, मी हनुमंत, मी आता उडी मारतो," असं कुणी म्हणालं तर कसं होईल, तसा हा प्रकार. आधी मला पोरखेळ वाटला. पण अडीच तास एकानंही मोबाईल बघितला नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

खेळ अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये तो छापला. त्याआधी टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळायची पद्धत युरोपात होतीच, ती प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांपर्यंत मागं जाते. या दोघांनी सैन्याच्या जागी एकेक माणूस आणला. आणि एकेक माणूस आला की त्याचं शरीर आलं. भूक आली, थकवा आला, जखम आली. दुसऱ्याच वर्षी, १९७५ मध्ये, आर्नेसनच्या 'ब्लॅकमूर' या पुरवणी पुस्तकात पाण्याखालच्या मोहिमांसाठी वेगळं प्रकरण आलं. गोष्टीतली माणसं पाण्यात उतरायला लागली की कुणीतरी विचारणारच, किती वेळ?

त्या प्रश्नाची उत्तरं वर्षागणिक बदलत गेली. मला त्याचीच गंमत वाटते. २००३ च्या नियमांत काटकपणाच्या आकड्याच्या दुप्पट फेऱ्या दम टिकतो, आणि एक फेरी सहा सेकंदांची. साधारण माणसाचा काटकपणा १०. म्हणजे २० फेऱ्या, दोन मिनिटं. पण पाण्याखाली वार केला, कुलूप उघडलं, कुणाला ओढलं, की त्या प्रत्येक कामाला शिल्लक दमातून एक फेरी जास्तीची कापायची. सतत लढणाऱ्याचा दम निम्म्यावर येतो. दम संपल्यावर दर फेरीला फासा टाकायचा, आणि दर वेळी पास व्हायचा आकडा एकानं वाढत जायचा. म्हणजे बुडणं हळूहळू घट्ट होत जातं. नियम लिहिणाऱ्याला काहीतरी ठाऊक होतं, असं मला वाटलं.

२०१४ च्या आवृत्तीत हे सगळं सोपं केलं. एक मिनिट, अधिक काटकपणाची बेरीज. जरा दणकट पात्र असेल तर तीन मिनिटं, आणि त्या तीन मिनिटांत तलवार चालवा नाहीतर मांडी घालून बसा, हिशेब तोच. भाचा म्हणतो, "मावशी, सोपं असलं की खेळ अडत नाही." खरं आहे. पण खोटं आहे.

'गर्प्स' नावाचा दुसरा खेळ आहे, स्टीव्ह जॅक्सन यांचा, १९८६ चा. त्यातला हिशेब मला पटला. प्रकृतीचा आकडा १० असेल तर स्वस्थ बसल्यावर १०० सेकंद, हलकं काम करताना ४०, आणि जोर लावताना फक्त १०. दहास एक! पहिल्यांदा ऐकून मी भाच्याला म्हटलं, इतका फरक कसा असेल? मग आमच्या घरातल्या डॉक्टर सुनेनं सांगितलं ते ऐका. स्वस्थ पडलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर प्राणवायू लागतो. जोरात पळणाऱ्याला, झटणाऱ्याला त्याच्या दहापट, अडीच-तीन लिटर. आणि भरून घेतलेल्या फुप्फुसात नि रक्तात मिळून साठा दीड-दोन लिटरांचा. भागाकार आपला आपण करावा. महिन्याचा किराणा भरलेला असतो, आणि अचानक वीस पाहुणे येतात, तसंच.

श्वास मोजायचं आपल्याला नवं नाही. कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार म्हणतो ते २७ श्वासोच्छ्वासांचं माप. एक णमोकार, तीन श्वास. माझी आजेसासू घड्याळ न बघता त्यावर दूध उतरवायची. आपल्या ग्रंथांत मुहूर्ताचं मापही श्वासांतच आहे: सात प्राणांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव, ७७ लवांचा मुहूर्त. गुणाकार केला तर ३,७७३. मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणजे मिनिटाला ७८-७९. हा वेग आपल्या श्वासाचा नव्हे, नाडीच्या ठोक्यांचा आहे, हे जाता जाता सांगते. कुणी अभ्यासू असेल त्यानं बघावं. आणि दहा प्राणांच्या यादीत कायबल वेगळं नि श्वासोच्छ्वास वेगळा धरलाय. त्या खेळातल्या कागदावर जशी ताकद वेगळी आणि काटकपणा वेगळा, अगदी तसं.

पण श्वास आणि जोर या दोघांना एकमेकांसमोर उभं करून त्याचा खेळ केला तो आपल्या मातीनं. हुतुतू.

विचार करा, दम धरून झुंजायचं, हाच नियम. एका श्वासात 'हुतुतू' म्हणत पलीकडं जायचं, शिवायचं, आणि दम तुटायच्या आत मध्यरेषेला परत यायचं. पाणी नसलेलं बुडणंच ते. फरक एवढाच की इथं तोंडानं सतत म्हणायचं असतं, म्हणजे हवा झिरपत जाते, आणि पंचाला दम ऐकू येतो. चोरी करता येत नाही. चौघांनी कमरेला, पायाला मिठी घातली की पट्टीचा गडीही काही क्षणांत गार होतो. मघाशी त्याचाच दम अंगणभर पुरत होता. दमाची खरी परीक्षा पकडीत होते. चालताना काय, कुणीही म्हणेल.

याचे गावोगावचे नियम वेगळे होते. संजीवनी, गामिनी, अमर असे प्रकार. बाद झालेला परत जिवंत होतो की नाही, यावरून भांडणं. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं नियम बांधून स्पर्धा घेतल्या. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं देशी खेळ दाखवले, त्यात हाही होता. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, हुतुतू जाऊन सगळीकडं 'कबड्डी' झालं. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत पदकाचा खेळ म्हणून आला. पण बायकांना त्या मैदानावर पदकासाठी उतरायला २०१० चं ग्वांगझू उजाडावं लागलं. वीस वर्षं! आणि उतरल्या त्याच वर्षी सुवर्ण घेऊन आल्या. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा विश्वचषक जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ. आता चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ लागलंय. टीव्हीवर दमापेक्षा घड्याळच जास्त दिसतं. मला ते बरं वाटत नाही, पण माझं कोण ऐकतंय.

आमच्या लहानपणी मुलींच्या दमाला जागा दोनच. पंचमीला फुगडी, आणि रोजची फुंकणी. ओल्या शेणीवर फुंकून फुंकून जाळ काढणाऱ्या बाईच्या फुप्फुसांना काटकपणाचा कुठला आकडा द्यायचा, ते त्या नियमवाल्यांना विचारायला हवं.

आणि विहीर. माझ्या माहेरच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर होती. उन्हाळ्यात सगळी पोरं तिथं. पाठीला वाळके भोपळे नाहीतर पत्र्याचा डबा बांधून आधी हातपाय मारायला शिकायचं, मग सूर, मुटका, आणि शेवटी बुडी. बुडी मारून तळातली माती मुठीत आणायची, किंवा पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो ते बघायचं. यात आम्हा पोरींचं काम काय? पायरीवर बसून मोजायचं. आपला भाऊ पाण्यात असला की भरभर मोजायचं, म्हणजे आकडा फुगतो. दुसरीचा भाऊ असला की एक... दो...न. यावरून झिंज्या उपटल्यात आम्ही. त्या टेबलावर गोष्ट सांगणारा जो असतो ना, फेऱ्या मोजणारा, तो मला म्हणूनच ओळखीचा वाटला. आम्ही सगळ्या तेच होतो. फक्त आम्हाला पाण्यात उतरायची मुभा नव्हती.

एका वर्षी गल्लीतला एक पोरगा बुडी मारायच्या आधी जोरजोरात धापा टाकायला लागला. कुणीतरी शिकवलं होतं, असं केलं की दम वाढतो. गेला खाली. साठ झाले, सत्तर झाले. आम्ही आनंदानं मोजतोय. मोजता मोजता मोठी अक्का थांबली आणि किंचाळली. मोटेवरच्या गड्यानं कपड्यांसकट उडी टाकली, वर काढला तेव्हा ओठ निळे. जगला. आज नातवंडं आहेत त्याला. पण त्या दिवशी काय झालं, याचा उलगडा सुनेनं केला तो अलीकडं. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी झाला म्हणून नव्हे, शरीरातला कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. आधी धापा टाकल्या की तो वायू निघून जातो, मग 'वर ये' असं सांगणारी हाकच येत नाही. प्राणवायू मात्र संपत असतो. माणूस न घुसमटता, सुखानं बेशुद्ध होतो. तळ्यावर, पोहण्याच्या तलावावर तुमची मुलं असं करताना दिसली तर तिथल्या तिथं थांबवा. फाशांच्या खेळात दम संपत आल्याचं दर फेरीला कळतं. खऱ्या पाण्यात कळेलच असं नाही.

आपला हा सगळा पट्टा नद्यांचा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा. भोजचे सातगौंडा पाटील, पुढचे आचार्य शांतिसागर महाराज, १८७२ चा जन्म. भोजजवळच्या या दूधगंगा-वेदगंगांच्या पाण्यातून ते मुनिमहाराजांना खांद्यावर बसवून पैलतीरी नेत, हे आपल्या घराघरांत सांगतात. छातीएवढ्या वाहत्या पाण्यात, वर माणसाचं वजन घेऊन चालणं म्हणजे काय, ते नदीकाठच्यांना सांगायला नको. अंगात केवढा जोर असेल! आजही पावसाळा आला की कल्लोळ-यडूर, कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी हे सगळे बंधारे-पूल पाण्याखाली जातात. २००५, २०१९, २०२१ चे पूर आपण डोळ्यांनी बघितले. २०१९ मध्ये आमच्याकडं नदीकाठचे पाहुणे दहा दिवस होते. त्यांच्या घरातले पुरुष पोहून जाऊन जनावरं सोडून आले. बायका माळवदावर बसून होत्या. बारा बायकांत पोहता येणारी एकही नव्हती. ज्यांचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर, त्या बायकांचं सांगतेय मी.

आपल्याकडं पाण्याचा वापर जपून, गाळून करायचा, पाण्यात जीव आहेत, हे मला मान्य आहे आणि मी ते पाळते. पण मुलांना विहिरीत सोडताना हे कुणाला आठवत नव्हतं. मुलींच्या वेळीच आठवायचं.

आणि बायकांना जमत नाही म्हणावं, तर कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बघा. समुद्रात बुडी मारून शिंपले, गोगलगायी काढणाऱ्या बायका. त्यांचा आहार, व्यवसाय आपल्या घरात चालणारा नाही, पण दम बघा दम. पाठीवर हवेचं नळकांडं नाही. दहा मीटर खोल जायचं, दर बुडीला मिनिटभर दम धरायचा, दिवसाला सात-सात तास, वर्षाकाठी नव्वद दिवस. त्यांत ऐंशी पार केलेल्याही आहेत. वर आल्यावर त्या शीळ घालावी तसा आवाज काढून श्वास सोडतात, लांबून ऐकू येतो. २०१६ मध्ये युनेस्कोनं त्यांची संस्कृती अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली. एकीकडं एका जागी निश्चल पडून अकरा मिनिटं पस्तीस सेकंद दम धरणारा फ्रान्सचा स्टेफान मिफसूद आहे, २००९ चा विक्रम. दुसरीकडं या बायका, मिनिटभर दम धरणाऱ्या. पण त्या मिनिटात त्या खाली जातात, खडकावरून शिंपला खरवडतात, वर येतात. काम करतानाचा दम एवढाच असतो. पुस्तकातला तीन मिनिटं तलवार चालवणारा योद्धा मला म्हणूनच खोटा वाटतो.

भाच्याला हे सगळं सांगितलं तर त्यानं आणि मित्रांनी रात्री दुर्योधनाचाच डोह मांडला. २००३ चा नियम घेतला. जलमंत्र काढून टाकला. दुर्योधनाचा काटकपणा १८ धरला, म्हणजे ३६ फेऱ्या, साडेतीन मिनिटांच्या वर. मी एक कलम घालायला लावलं: भीमाच्या दर गर्जनेला दुर्योधनानं मनावर ताबा ठेवायचा फासा टाकायचा, चुकला तर एक फेरी जादा कापायची. भीम झालेल्या पोरानं अशा काही शिव्या दिल्या की खालून सासूबाईंनी विचारलं, काय चाललंय. दुर्योधन दीड मिनिटात वर आला.

त्यानंतर भाच्यानं माझ्यासाठीही एक कागद तयार केला. पात्र कुणाचं हवं, विचारलं. मी अत्तिमब्बे म्हटलं. रन्नाकडून अजितपुराण लिहवून घेणारी, पोन्नाच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती काढून वाटणारी आपली दानचिंतामणी. जिनमूर्ती मस्तकावर घेऊन ती पुरात उतरली आणि गोदावरी थांबली, अशी परंपरा सांगते. भाच्यानं ताकद लिहिली, काटकपणा लिहिला, १५ दिला. मी म्हटलं, पोहता येत नाही असं लिही. तो पुस्तक चाळायला लागला. बराच वेळ चाळलं. मग म्हणाला, "मावशी, यात तसा रकानाच नाही. नव्या नियमांत पोहता सगळ्यांनाच येतं, फक्त निम्म्या वेगानं."

"मग कोपऱ्यात लिही," मी म्हटलं. त्यानं पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहिलं, आणि कागद माझ्याकडं सरकवला.